खरिपाचे व्याकरण

जालना जिल्हा कागदोपत्री जन्मास आला तो १ मे १९८१ रोजी. तत्पूर्वी त्याचे तालुके औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांत मोडत, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्या सर्वांवर हैदराबादच्या निजामाचा अंमल होता. त्या अमदानीत सरकारी वर्ष चैत्री पाडव्यास उगवत नसे, की जानेवारीतही नसे. अकबराच्या काळी महसुलाच्या सोयीसाठी निघालेली आणि शाहजहानच्या कारकिर्दीत दख्खनेत उतरलेली फसली कालगणना निजामी दफ्तरात ६ ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे सूर्य हस्त नक्षत्रात असताना, ‘आझूर’ महिन्यापासून आरंभ पावे. आझूर, दय, बहमन, इस्फंदार ही इराणी नावे पटवाऱ्याच्या लेखणीस सवयीची होती. उर्दू माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या कुणब्याच्या पोराच्या घरी मात्र आश्विन-कार्तिकच चाले.

त्या पोराची खरी पंचाईत ऋतुवर्णनाच्या धड्यात होत असली पाहिजे. उर्दूतली ‘खिजाँ’ ही फारसी काव्याच्या बागेतून आलेली: झडलेली पिवळी पाने, मुका झालेला बुलबुल. जालन्याच्या कुंडलिका नदीकाठी मात्र त्या दिवसांत कपाशीची बोंडे उकलत असतात, तुरीला फूल येऊ लागते, शाळूसाठी तिफण जुंपलेली असते, आणि आपट्याची पाने तर सोने म्हणून लुटली जातात. आमची पानगळ शिशिरातली. शब्द मुखोद्गत व्हावा आणि त्याचा अर्थ अवघ्या शिवारात कोठेही भेटू नये, अशी ती विद्या.

ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताचे भाग्य याहून थोर. १८५२ मध्ये तो प्रशियातील लिथुआनियन वस्तीत स्वतः जाऊन ती भाषा शिकला, आणि दोनेलायतिस नामक पाद्र्याने शेतकऱ्यांच्या ऋतुचक्रावर रचलेले काव्य, ज्याचा एक भाग शरदाचा आहे, त्याने १८६५ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. तिथे नोव्हेंबरचे नावच ‘लापक्रितिस’, पानगळ, आणि पानेही त्याच महिन्यात गळतात! शरदाला ‘रुदुओ’ आणि षष्ठीत ‘रुदेन्स’. दगडाला ‘आकमुओ’ आणि षष्ठीत ‘आकमेन्स’. प्रथमेत लपलेला न् षष्ठीत पुन्हा प्रकटतो, अगदी आपल्या ‘अश्मा–अश्मनः’प्रमाणे, आणि तो ‘आकमुओ’ म्हणजे आपला अश्माच होय. फांदी ‘शाका’ आहे, हे सांगितल्यावर आमच्या शास्त्रीबुवांना अधिक काय सांगावे!

जमाबंदीच्या कागदांतून आलेला एक शब्द मात्र जालन्याच्या काळ्या मातीत असा रुजला, की त्याचे परकेपण सांगूनही पटू नये. अरबीत ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतूच, फळे तोडण्याचा काळ. म्हणून शरदात हाती येणारे ते खरीफ पीक. शेतकऱ्याने त्यातला ‘फ’ घासून ‘प’ केला, सामान्यरूपात ईकार ऱ्हस्व करून ‘खरिपाची पेरणी’ उरकली, आणि कापणीच्या ऋतूचे नाव बिनदिक्कत मृगाच्या पावसाला जोडले. मोसंबीच्या बागाइतदाराने तर याहून मौज केली आहे: फारसीत ‘बहार’ म्हणजे वसंत, पण ऐन शरदात धरलेल्या फुलोऱ्याला तो ‘हस्त बहार’ म्हणतो, आणि या जोडनावात आपण नक्षत्र आणि वसंत एका दावणीला बांधले आहेत याची त्याला दादही नसते.

आझूर, दय, बहमन हे आता जुन्या दस्तऐवजांच्या तारखांपुरते उरले आहेत. भाऊबंदकीचा तंटा निघाला, म्हणजे ते वाचून देण्यासाठी उर्दू जाणणारे एखादे वयोवृद्ध गृहस्थ शोधावे लागतात.