मॅगीवरची बंदी हायकोर्टाने का रद्द केली?

जून २०१५ मध्ये मॅगी दुकानांतून गायब झाली. १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली. म्हणजे कोर्टाने मॅगीला 'सुरक्षित' ठरवलं का? तर नाही. कोर्टापुढचा मुख्य प्रश्न वेगळाच होता.

वाद काय होता?

उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला १७.२ पीपीएम शिसं आढळलं. मर्यादा होती २.५ पीपीएम. ५ जूनला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगीच्या नऊ प्रकारांवर बंदी घातली. पाठोपाठ महाराष्ट्राच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनीही तसाच आदेश काढला. नेस्ले इंडियाने दोन्ही आदेशांना हायकोर्टात आव्हान दिलं.

कोर्टाला काय खटकलं?

• सुनावणी नाही: बंदीआधी कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती. हा नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचा भंग आहे, असं कोर्टाने म्हटलं.

• प्रयोगशाळा: अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४३ नुसार तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच व्हायला हवी. ज्या अहवालांवर बंदी उभी होती, ते या निकषात बसत नव्हते.

मग मॅगी लगेच परत आली का?

नाही. लोकांच्या आरोग्याचा प्रश्न असल्याने कोर्टाने फेरतपासणीचा आदेश दिला. नऊ प्रकारांचे प्रत्येकी पाच नमुने मोहाली, हैदराबाद आणि जयपूरमधल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना पाठवायचे होते. मुदत सहा आठवडे. शिसं मर्यादेत निघालं तरच उत्पादनाला परवानगी, आणि नवा माल विकण्याआधी पुन्हा तपासणी. दोन्ही टप्पे पार करून मॅगी नोव्हेंबरमध्ये बाजारात आली. त्याच महिन्यात एफएसएसएआयने निकालाविरोधात सुप्रीम कोर्टात धाव घेतली.

या निकालाचा अर्थ काय?

सरकारी यंत्रणेचा आदेश मनमानी वाटला, तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात दाद मागता येते. अशा वेळी कोर्ट स्वतः शास्त्रज्ञ बनत नाही. अधिकार कायद्याच्या चौकटीत वापरला का, हे पाहतं. चुकीच्या पद्धतीने घातलेली बंदी कोर्टात टिकत नाही. त्यात तोटा फक्त कंपनीचा नसतो. पदार्थ खरोखर घातक असेल, तर अशा कच्च्या आदेशाची किंमत ग्राहकालाच मोजावी लागते.