मिठाच्या पाण्याने आखलेली वाट

आल्प्समधल्या पायवाटांना चढ आणि धोका पाहून सोपी, मध्यम, अवघड अशा श्रेणी दिलेल्या असतात. ऑस्ट्रियातील हालश्टाट या गावापासून उत्तरेकडे जाणारी एक वाट सोपी म्हणून ओळखली जाते. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली सरोवर, आणि तरीही पायाखालची वाट बरीचशी सपाट. इतक्या खड्या डोंगरात अशी वाट आली कुठून? निसर्गाने ती दिलेली नाही आणि पर्यटकांच्या सोयीसाठीही ती खोदलेली नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी ती आखली गेली मिठाच्या पाण्यासाठी.

डोंगरातले मीठ

समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात मीठ कसे? सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी या भागात उथळ समुद्र होता. त्याचे पाणी आटून मिठाचे थर साचले, त्यांवर इतर खडक जमले, आणि पुढे आल्प्स पर्वत उचलला गेला तेव्हा हे सारे चुरगळून वर आले. त्यामुळे इथले मीठ शुद्ध नाही. ते माती आणि जिप्समशी कालवलेले आहे. ही गोष्ट लक्षात ठेवू या, कारण पुढची सगळी हकिकत तिच्यातून निघते.

गावाच्या वर सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर एक दरी आहे. तिथे खाणीची तोंडे आहेत. इथले खाणकाम निदान साडेतीन हजार वर्षांचे जुने आहे. खाणीत २००३ साली एक लाकडी जिना सापडला. लाकडातील वर्षवलये मोजून त्याचे वय काढता आले : त्यासाठी झाडे तोडली गेली ती इ.स.पू. १३४४ च्या सुमारास. मिठामुळे लाकूड कुजले नव्हते. कातडी पिशव्या, लोकरीच्या कापडाचे तुकडे, जळक्या चिपाट्या अशा वस्तूही याच कारणाने टिकल्या. १७३४ साली तर एका प्राचीन खाणकामगाराचा देहच मिठात टिकलेला सापडला. त्या काळी त्याचे महत्त्व कोणाला कळणार? तो पुरून टाकण्यात आला.

पुढे १८४६ साली खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामझाउअर यांना रस्त्यासाठी खडी शोधताना या दरीत मानवी सांगाडे दिसले. १८६३ पर्यंत त्यांनी ९८० दफने उकरली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. चित्रांसह केलेल्या या नोंदी इतक्या काटेकोर होत्या, की युरोपातील लोहयुगाच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे इ.स.पू. ८०० ते ४५० या काळाला, आज ‘हालश्टाट काळ’ असेच म्हणतात.

लाकडाचा प्रश्न

प्राचीन लोक मीठ कुदळीने फोडून काढत. मध्ययुगात पद्धत बदलली. डोंगरात पोकळ्या खोदून त्यांत गोडे पाणी सोडायचे. मीठ विरघळते, माती तळाशी बसते, आणि उरते ते संपृक्त मिठवणी. हे मिठवणी बाहेर काढून गुऱ्हाळात रस आटवतात तसे, पण कितीतरी मोठ्या लोखंडी काहिलींत आटवायचे. आपल्या मिठागरात हे काम ऊन करते. आल्प्सच्या थंड, पावसाळी हवेत उन्हाचा भरवसा नाही. तिथे लाकूड जाळावे लागे.

किती लाकूड? विद्यार्थ्यांना हे गणित सहज करता येईल. संपृक्त मिठवण्यात वजनाने सुमारे २६ टक्के मीठ असते. म्हणजे १ किलो मिठासाठी सुमारे २.८ किलो पाणी उडवावे लागते. पाणी तापवण्याची आणि त्याची वाफ करण्याची उष्णता धरली, तर एकूण सुमारे ७,४०० किलोज्यूल लागतात. वाळलेल्या लाकडापासून किलोमागे सुमारे १५,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे उष्णता अजिबात वाया गेली नाही तरी किलोभर मिठाला अर्धा किलो लाकूड हवे. उघड्या काहिलीखालच्या आगीत बरीच उष्णता वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात लाकूड याहून पुष्कळ जास्त लागे.

साहजिकच जवळची जंगले अपुरी पडू लागली. दूरचे लाकूड आणावे, तर ओंडके नदीतून खालच्या दिशेने वाहत जातात, वर येत नाहीत. मग उपाय उलटा शोधण्यात आला. लाकूड मिठाकडे येत नसेल, तर मिठवण्यालाच लाकडाकडे न्यावे! त्राउन नदीच्या खोऱ्यात सुमारे ४० किलोमीटर खाली एबेनसे येथे नवे मीठघर बांधायचे ठरले.

तेरा हजार ओंडके

नळाचे काम १५९५ साली सुरू झाले आणि १६०७ साली मिठवणी एबेनसेला पोचले. नळ होता लाकडाचा. ओंडके लांब गिरमिटाने मधोमध आरपार कोरून एकाला एक जोडले होते. असे सुमारे १३,००० ओंडके लागले. ४० किलोमीटरला १३,००० ने भागा, प्रत्येक ओंडका सरासरी तीन मीटरचा येतो.

या नळावर कुठेही पंप नव्हता. वाहून नेणारे बल एकच, गुरुत्वाकर्षण. वरच्या दरीपासून एबेनसेपर्यंत उंचीतला फरक सुमारे सव्वाचारशे मीटर आहे. त्यातला बराचसा गावाजवळच्या पहिल्या उतारातच संपतो. उरलेली थोडी उंची सगळ्या वाटेवर पुरवून वापरायची होती. म्हणून नळ डोंगराच्या अंगाने, प्रत्येक वळण घेत, अगदी हलक्या उताराने नेला. लाकडी नळ गळतो, फुटतो, बदलावा लागतो. त्याची देखरेख करायला शेजारून वाट हवीच. आजची सोपी पायवाट आली ती अशी.

वाटेत गोसाउ ओढ्याची खोल घळ आडवी येते. तिथे आधी नळ घळीत उतरवून पलीकडे चढवला होता. जोडलेल्या भांड्यांत द्रव समान पातळी गाठतो, हा नियम आपण काचेच्या वाकड्या नळीने वर्गात दाखवतो, तोच इथे वापरला होता. पण सुमारे ४० मीटर खोलीवर, पाण्याहून १.२ पट जड असलेल्या मिठवण्याचा दाब जवळजवळ पाच वातावरणांइतका होतो. लाकडी नळाला तो झेपणे कठीण. अखेर १७५७ साली घळीवर उंच दगडी खांबांचा पूल बांधून नळ सरळ पलीकडे नेला. या जागेला ‘गोसाउत्स्वांग’ म्हणतात. ‘त्स्वांग’ म्हणजे सक्ती. पूल आला तरी दाबाच्या जोरावर वर चढवलेल्या पाण्याची आठवण नावात राहिली. पूल आजही उभा आहे. हालश्टाटचे मिठवणी आजही नळानेच एबेनसेला जाते, फक्त नळ आता लाकडाचा नाही.

दोन वाटा

भूगोलाच्या तासाला समोच्चरेषांचा नकाशा घेतला, तर डोंगराळ भागातली एखादी वाट या रेषांना जवळजवळ समांतर जाताना दिसेल. अशा वेळी विद्यार्थ्यांना जरूर विचारावे : इथून कधी काही वाहत होते का?

हालश्टाटच्या नकाशात आणखी एक वाट दिसते. ती समोच्चरेषांना पुन्हा पुन्हा छेदते, नागमोडी वळणे घेत गावातून वरच्या दरीत चढते. ही माणसांची वाट. डोंगरातले मीठ सगळेच काही विरघळवून खाली येत नसे. मिठाचे दगडी ढेकूळ पाठीवर लादून गावातल्या बायका या वाटेने खाली आणत. त्यांच्याही आधी, वरच्या दरीतल्या लोहयुगीन दफनांतील हाडांवर जड ओझी वाहिल्याच्या आणि सतत एकाच प्रकारचे कष्ट केल्याच्या खुणा आढळल्या आहेत, अगदी मुलांच्या हाडांवरसुद्धा.

मिठवण्यासाठी मोजूनमापून हलक्या उताराची वाट करावी लागली, कारण चढ आला की पाणी थांबते. ओझे घेतलेली माणसे थांबत नव्हती, म्हणून त्यांची वाट चढाचीच राहिली. हालश्टाटला जाणाऱ्याने सोप्या वाटेने तर चालावेच, पण ही दुसरी वाटही एकदा पायी चढून पाहावी.