बापाचे गणित आणि मुलाचा टोला

भौतिकशास्त्राच्या रंजक पुस्तकांत एक किस्सा हमखास सापडतो. एडिंबरो विद्यापीठातील एका प्राध्यापकांनी गणिताने सिद्ध केले की, गोल्फचा चेंडू अमुक अंतरापलीकडे मारताच येणार नाही. थोड्याच दिवसांत त्यांच्याच मुलाने तो त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे टोलावला! वर्गात हा किस्सा सांगितला की मुले खूष होतात. मीही तो अनेकदा सांगितला आहे. पण तो खरा नाही, आणि खरी हकीकत त्याहून चांगली आहे.

हे प्राध्यापक म्हणजे पीटर गथ्री टेट (१८३१–१९०१). मॅक्सवेल त्यांचा शाळासोबती. १८६० साली एडिंबरोच्या अध्यासनासाठी दोघेही उमेदवार होते आणि निवड टेट यांची झाली. लॉर्ड केल्विन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८६७ साली निघाला आणि भौतिकशास्त्र शिकवण्याची पद्धतच बदलून गेला. सुट्टी लागली की हे गृहस्थ सेंट अँड्र्यूजला जात आणि दिवसाला गोल्फच्या पाच-पाच फेऱ्या मारत. अंधार पडल्यावरही खेळता यावे म्हणून त्यांनी एकदा चेंडूंना चमकणारा फॉस्फरसी लेप दिला. त्या रात्री खेळायला जीवशास्त्रज्ञ हक्सलेही होते. रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्रम ब्राऊन यांच्या हातमोज्याने पेट घेतला, हात भाजला आणि प्रयोग तिथेच थांबला. (रसायनशास्त्रज्ञाचाच हात भाजावा, हा योगायोग मोठा गमतीचा!)

टेट यांना पडलेला प्रश्न मात्र गंभीर होता. चांगला मारलेला चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वी सुमारे १६५ मीटर जाई आणि ६ सेकंदांच्या आसपास हवेत राही. हे आकडे अकरावीच्या विद्यार्थ्यापुढे ठेवून पाहा. ६ सेकंद हवेत राहायचे तर ३ सेकंद वर आणि ३ सेकंद खाली. म्हणजे चेंडूने सुमारे ४४ मीटर उंची गाठायला हवी, आणि त्यासाठी तो जवळजवळ ४५ अंशांच्या कोनात सुटायला हवा. प्रत्यक्षात कसलेल्या खेळाडूचा चेंडू अगदी सपाट सुटतो. हवेचा विरोध हिशेबात धरला तरी कोडे सुटत नाही. तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध दिशेने चेंडूला कोणीतरी उचलून धरत असले पाहिजे.

उचलून धरते ते चेंडूचे स्वतःभोवती फिरणे. गोल्फच्या काठीचे तोंड थोडे कलते असते, त्यामुळे टोला बसताच चेंडू उलटा फिरू लागतो. म्हणजे त्याचा वरचा भाग मागे जातो आणि खालचा पुढे येतो. असा चेंडू आपल्यामागची हवा खाली ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलला जातो. फिरता चेंडू वाकडा जातो हे न्यूटनने १६७२ सालीच टेनिसच्या चेंडूबाबत नोंदले होते. रॉबिन्सने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळ्यांबाबत तेच मांडले, आणि १८५२ मध्ये माग्नुसने त्यावर प्रयोग केले. त्याचेच नाव या परिणामाला चिकटले. पण हे सगळे चेंडू डावी-उजवीकडे वळण्याविषयी समजले जाई. तेच बल चेंडूला हवेत तोलून धरते, ही टेट यांची दृष्टी.

नुसते म्हणून ते थांबले नाहीत. चेंडूला एक लांब, पीळ नसलेली फीत बांधली, फितीचे दुसरे टोक जमिनीला पक्के केले आणि एक-दोन यार्डांवरच्या घट्ट चिकणमातीत चेंडू मारायला लावला. मग फितीला किती पीळ पडले ते मोजले. उत्तर आले सेकंदाला ४० ते १२० फेऱ्या! ना कॅमेरा, ना विजेचे घड्याळ. इतका स्वस्त आणि इतका चोख प्रयोग मला दुसरा चटकन आठवत नाही.

वर्गात याचे सोपे रूप करता येईल. कागदाची हलकी नळी करून ती टेबलावरच्या उतरत्या फळीवरून घरंगळू द्या. कडेवरून सुटल्यावर ती पुढे न पडता वळून टेबलाखाली येते. इथे फिरणे सुलट, म्हणून वळणेही उलट.

आता तो किस्सा. टेट यांचा मुलगा फ्रेडरिक, म्हणजे फ्रेडी (जन्म १८७०), हा ब्लॅक वॉच पलटणीतला अधिकारी आणि पहिल्या प्रतीचा हौशी खेळाडू. ११ जानेवारी १८९३ रोजी सेंट अँड्र्यूजला त्याने मारलेला चेंडू २५० यार्ड हवेतून गेला आणि गोठलेल्या जमिनीवरून घरंगळत ३४१ यार्डांवर थांबला. वडिलांची तथाकथित मर्यादा न फिरणाऱ्या चेंडूची होती, आणि फिरण्याचे महत्त्व त्यांनी ‘नेचर’मधील लेखांत १८९१ पर्यंत मांडलेलेही होते. मुलाने वडिलांना खोटे पाडले नाही. त्यांचा सिद्धान्त बरोबर असल्याचेच दाखवले. पराभव झालाच असेल तर तो खेळाडू टेट यांचा. चेंडू फिरणे हा दोष, असे तरुणपणी शिकवले गेल्याने ते तो टाळायची धडपड करत आले होते. हे कळायला निदान ३५ वर्षे उशीर झाला, अशी हळहळ त्यांनी १८९६ साली व्यक्त केली.

त्याच १८९६ साली सँडविच येथे फ्रेडीने ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकले. ही स्पर्धा १८८५ पासूनची. दोघांचा सामना, एकेक होल जिंकायचा. अंतिम सामना त्या वर्षी प्रथमच ३६ होलांचा झाला आणि फ्रेडीने हॅरॉल्ड हिल्टनला ७ होल बाकी असतानाच ८ च्या आघाडीने हरवले. १८९८ मध्ये हॉयलेकला पुन्हा तोच विजेता. १८९९ चा प्रेस्टविकचा अंतिम सामना मात्र जॉन बॉलविरुद्ध रंगला. पस्तिसाव्या होलला फ्रेडीचा चेंडू पावसाने भरलेल्या वाळूच्या खड्ड्यात तरंगत होता. तो पाण्यात उतरला आणि तरंगता चेंडू त्याने हिरवळीवर मारला. तरीही सदतिसाव्या होलला तो हरला.

त्याच वर्षी बोअर युद्ध सुरू झाले. डिसेंबरात मागर्सफाँटेनच्या लढाईत फ्रेडी जखमी झाला, बरा होऊन पलटणीत परतला, आणि ७ फेब्रुवारी १९०० रोजी कूडूसबर्ग येथे मारला गेला. वय तीस. वडील त्यातून सावरले नाहीत. ४ जुलै १९०१ रोजी टेट यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, रबराचा धागा गुंडाळून केलेल्या नव्या हॅस्केल चेंडूने सँडी हर्डने खुली स्पर्धा जिंकली, आणि ज्या गटापर्चाच्या चेंडूवर बापलेकांनी आपापली कामगिरी केली होती तो मैदानावरून दिसेनासा झाला. टेट यांची समीकरणे मात्र नव्या चेंडूलाही लागू पडली. १९१० मध्ये जे. जे. थॉमसन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिले, तेही याच विषयावर.