मनगटाचें काम आणि विजेची तार

वऱ्हाडांतील कारंजा हें गांव आज वाशीम जिल्ह्यांत मोडतें. हा जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १९९८ सालीं. कारंज्याची कीर्ति मात्र शेंकडों वर्षांची आहे. दत्तभक्त त्याला श्रीनृसिंहसरस्वतींची जन्मभूमि म्हणून वंदितात, तर जैन समाज भट्टारकांच्या तीन पीठांमुळें त्याला पूज्य मानतो. त्या पीठांपैकीं एक काष्ठासंघाचें. आणि त्याच्या मंदिरांतील लांकडी कोरीवकाम नांवाजलेलें आहे. वाकस, पटाशी, रंधा आणि कानस हीं सुताराचीं परंपरागत हत्यारें. लांकडास झिलई आणावयाची ती मनगटाच्या जोरावर. तें मनगटाचें काम यंत्राकडे कसें गेलें, आणि जातांना आपल्या घरांत कोणते धोके ठेवून गेलें, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

घांसण्याच्या कागदाची कथा चीनपासून सुरू होते. तेराव्या शतकांत तेथें शिंपल्यांचा चुरा व वाळू डिंकानें चर्मपत्रावर चिकटवीत असत. इ. स. १८३३ मध्यें लंडनचे जॉन ओकी यांनीं काचेच्या पुडीचा कागद मोठ्या प्रमाणावर करण्यास प्रारंभ केला; पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत व्हरमाँट संस्थानांतील आयझॅक फिशर यांनीं अशा कागदाचीं पेटंटें घेतलीं. १८९१ सालीं एडवर्ड ॲचिसन यांना विजेच्या भट्टींत कार्बोरंडम हा अत्यंत कठीण पदार्थ सांपडला. कागदाला धार आली. आतां हाताला गति हवी होती. ती १९२६ मध्यें मिळाली. अमेरिकेंतील पोर्टर-केबल कंपनीनें हातांत धरून चालवावयाचें, फिरत्या पट्ट्याचें विजेचें घांसयंत्र त्या वर्षीं बाजारांत आणलें. आपल्याकडील सुतार अशा यंत्रांना सरसकट 'सँडर' म्हणतात.

परंतु श्रम वांचले म्हणजे धोका वांचला असें नव्हे. हातानें घांसतांना भुसा जड पडतो, पायाशीं बसतो. यंत्र त्याचें पीठ करतें आणि तें पीठ हवेंत तरंगत नाकांत शिरतें. इंग्लंडांतील हाय विकम हा खुर्च्यांच्या कारखान्यांचा गांव. तेथील नाक-कान-घशाच्या शस्त्रवैद्य एस्मे हॅडफील्ड यांना लांकूडकामाच्या कामगारांत नाकाचा कर्करोग विलक्षण प्रमाणांत आढळूं लागला. १९६८ सालीं त्यांनीं डोनाल्ड ॲचिसन प्रभृति सहकाऱ्यांसह याविषयींचें संशोधन प्रसिद्ध केलें. १९९५ मध्यें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें लांकडाच्या धुळीला निश्चित कर्करोगकारक ठरविलें. एका ॲचिसननें धार दिली आणि त्याच आडनांवाच्या दुसऱ्यानें तिच्या धुळीची किंमत मोजून दाखविली, असा हा योग! जुन्या वाड्याच्या दारांवरील रंगाचें भय तर आणखी निराळें. त्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर भारतांत कडक मर्यादा आली ती २०१७ सालीं. तेव्हां त्यापूर्वींचा रंग कोरडा घांसणें म्हणजे मुलांच्या श्वासांत विष मिसळणें होय.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाहीं. तो तारेंत असतो. १२०० वॅटचें यंत्र आपल्या २३० व्होल्टांवर सुमारें ५ अँपिअर प्रवाह घेतें. सुतार अंगणांत, भिंतींतील सॉकेट आंतल्या खोलींत. मग कोणीतरी घरांतला जुना एक्स्टेन्शन बोर्ड आणून देतो. समजा, त्याची तार २५ मीटर लांब आणि पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची आहे. जाण्यायेण्याचें अंतर धरलें तर तिचा विरोध सव्वा ओहमच्या आसपास भरतो, आणि ५ अँपिअरांना तींत सुमारें ३० वॅट उष्णता निर्माण होते. तार मोकळी पसरली असेल तर ती उष्णता हवेंत विरून जाते. वेटोळें तसेंच राहिलें तर ती आंतल्या आंत कोंडते व वरचें वेष्टन मऊ पडूं लागतें. त्याच बोर्डावर तितकेंच दुसरें यंत्र लावलें तर उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. कारण जूल या शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखविल्याप्रमाणें ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच उष्णता निम्मी होते. थोड्या पैशांची ही काटकसर केवढी महाग पडूं शकते, हें यावरून दिसेल.

मनुष्यदेहाचा हिशेब तर याहून सूक्ष्म आहे. ३० मिलिअँपिअर, म्हणजे त्या यंत्राच्या प्रवाहाचा दीडशेवा हिस्साहि नव्हे, एवढा प्रवाह छातींतून कांहीं वेळ गेला तर प्राणावर बेततें. ५ अँपिअरचा फ्यूज त्याची दखलहि घेत नाहीं. तो तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. माणसाच्या रक्षणासाठीं कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्लस डॅल्झील यांनीं १९६१ मध्यें गळत्या प्रवाहावर तत्काळ वीज तोडणारें साधन सिद्ध केलें. तशा प्रकारचें साधन आज कोणत्याहि विजेच्या दुकानांत मिळतें.

म्हणून एक गोष्ट सुशिक्षित गृहस्थांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. यंत्र सुताराचें असतें. वीज, सॉकेट आणि बहुधा बोर्डहि आपला असतो. काम सुरू होण्यापूर्वीं तार पूर्ण उलगडावी. ती ओल्या फरशीवरून किंवा दाराच्या फटींतून नेऊं नये. पट्टी गुंडाळून जोडलेली तार वापरूं नये. यंत्र तीन पिनांचें असेल तर तिसरी पीन मोडून काम भागवूं देऊं नये. कागद बदलतांना पीन सॉकेटांतून काढलेली असावी. नाकावर धूळ अडविणारा खरा मास्क असावा. खांद्यावरचा रुमाल त्या कामीं निरुपयोगी आहे. आणि कोरीवकामावर यंत्र मुळींच चालवूं नये. तेथें जुना हातच हवा, कारण फिरत्या पट्ट्याला फूल आणि खांच यांतला भेद कळत नाहीं.

पूर्वींच्या कारागिराच्या हाताला घट्टे पडत. ते दिसत, आणि पाहणाऱ्याला त्याच्या श्रमांची जाणीव होई. आजच्या कारागिराला होणारी इजा फुप्फुसांत आणि तारेंत लपलेली असते. ती दिसत नाहीं, एवढ्यासाठींच तिची काळजी घरधन्यानें आधीं वाहावयास हवी. मजुरी ठरवितांना आपण घासाघीस करतों; निदान तारेच्या जाडींत ती करूं नये, एवढीच विनंति.