लोकलमधला तोल आणि पार्किंगमधला होव्हरबोर्ड

आजची गोष्ट सुरू होते डोंबिवलीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मे महिन्याची सुट्टी, ठाण्याहून आलेली माझी नऊ वर्षांची भाची आणि तिचा होव्हरबोर्ड. दोन बाजूंना दोन चाकं, मध्ये पाय ठेवायला जागा, हँडल वगैरे काही नाही. मी बीटेक, कंट्रोल सिस्टिमचा पेपर सुटलेला. "त्यात काय!" म्हणत चढलो आणि तीन सेकंदांत फरशीवर बसलो. भाची म्हणाली, "मामा, तू फार विचार करतोस."

तर ही भानगड आली कुठून?

लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ खेळलाय ना? काठी पुढे कलली की हात पुढे न्यायचा, मागे कलली की मागे. इंजिनिअरिंगमध्ये याला उलटा लंबक म्हणतात. बोर्डवर आपण काठी आणि चाकं म्हणजे हात. 1986 साली टोकियोतले प्राध्यापक काझुओ यामाफुजी यांनी याच तत्त्वावर दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो बनवला.

पुढे अमेरिकेत डीन केमन यांनी आयबॉट नावाची व्हीलचेअर तयार केली. ती जिने चढायची. शिवाय दोन चाकांवर उंच व्हायची, म्हणजे बसलेला माणूस उभ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकायचा. मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वात आवडतो. याच तंत्रातून 3 डिसेंबर 2001 ला त्यांनी सेगवे जगासमोर आणली. शहरांचा चेहरामोहरा बदलणार, अशी हवा झाली. पण किंमत जवळपास 5,000 डॉलर, आणि चालवायची कुठे, फुटपाथवर की रस्त्यावर? 2003 साली तर अध्यक्ष जॉर्ज बुश यांचाच सेगवेवरून तोल गेला आणि तो फोटो जगभर फिरला.

आपल्याकडे जून 2020 मध्ये मुंबई पोलिसांना वरळी सी-फेसवर गस्तीसाठी सेल्फ-बॅलन्सिंग स्कूटर मिळाल्या. गंमत बघा, त्याच महिन्यात तिकडे मूळ सेगवेचं उत्पादन बंद होणार असल्याचं जाहीर झालं!

पण धाकटं भावंड तोवर घरोघरी पोचलं होतं. जायरोस्कोप, अ‍ॅक्सेलरोमीटर हे सेन्सर तुमच्या हातातल्या फोनमध्येही असतात. ते लहान आणि स्वस्त झाले आणि 2015 मध्ये होव्हरबोर्डची लाट आली. प्रत्येक चाकाला वेगळी मोटर. पायाचा चवडा दाबला की पुढे, टाच दाबली की मागे. अर्थात घाईघाईत बनलेल्या मालाच्या बॅटऱ्या पेटायला लागल्या आणि 2016 साली एकट्या अमेरिकेत सुमारे 5 लाख बोर्ड परत मागवावे लागले. म्हणून रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

आता पुन्हा पार्किंगमध्ये येऊ. आई इतका वेळ कठड्यावर बसून बघत होती. अचानक म्हणाली, "मला धराल का रे दोघं?"

बाबा लगेच, "या वयात? हाडं मोडून घेशील."

आई एकसष्ट वर्षांची. माहेरी एकच सायकल होती, ती मामा लोक शिकले. हिला कोणी शिकवलीच नाही. तिने बाबांना काही उत्तर दिलं नाही. माझं हेल्मेट घातलं, एक हात माझ्या हातात दिला, एक नातीच्या, आणि चढली. बोर्ड थोडा डुगडुगला, मग स्थिर. पुढे सरकली. मागे आली.

"आजी, तुला कसं येतं?"

"अगं, अठ्ठावीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी उभ्याने गेले. गुडघे ताठ ठेवले की पडणारच. गाडी हलेल तसं आपणही हलायचं."

मी गप्प. मी शिकलेलं सगळं गणित या दोन वाक्यांत बसत होतं. तोल सांभाळायचा म्हणजे न हलता उभं राहायचं नाही. थोडं पडायचं, लगेच सावरायचं, पुन्हा थोडं पडायचं. मशीन हेच सेकंदाला शेकडो वेळा करतं. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. तेव्हापासून आपल्या पट्ट्यातल्या पिढ्यान्‌पिढ्या हलत्या फरशीवर वाढल्यात. वर्क फ्रॉम होम करणाऱ्या माझ्यासारख्याचे पाय तेवढे कच्चे राहिले.

पण सवय दगाही देते. लोकलमधून उतरताना आपण पुढे पाऊल टाकतो. बोर्डवरून मात्र मागे उतरायचं असतं. आईने पुढे पाऊल टाकलं, बोर्ड सटकला आणि ती थेट माझ्या अंगावर आली. लागलं नाही, पण माझ्या छातीत धस्स झालं. बाबा काही न बोलता वर निघून गेले. मला वाटलं, झालं, संपला खेळ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली उतरलो तेव्हा आई बोर्डवर होती. भाची सूचना देत होती, "आजी, मागे उतर, मागे!" आणि आईचा हात बाबांनी धरला होता.

तर मंडळी, गुडघे सैल, हेल्मेट डोक्यावर, आणि उतरायचं मागे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!