खाडा, बदली आणि बेंच

दुधाचा खाडा, मेसच्या डब्याचा खाडा, घरकामाला येणाऱ्या मावशींचा खाडा. हा शब्द आज आपण एवढ्यापुरताच वापरतो. कॅलेंडरवर फुली मारायची आणि महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे कापायचे. पण मुंबईच्या गिरण्यांमध्ये दोन-तीन पिढ्यांचं आयुष्य या शब्दाभोवती फिरत होतं. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली.

त्याच्या शेजारचे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण ते वेगळे आहेत. सुटी म्हणजे सगळ्यांचंच काम थांबणं. रजा हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती असा आहे. काम चालूच राहतं, तुम्ही एकटे संमती घेऊन बाजूला होता. सुटीनंतर परतायचा प्रश्न येत नाही, कारण सगळेच एकत्र परततात. रजेवर गेलेल्या माणसाच्या मागे मात्र त्याची जागा उघडी पडलेली असते. ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवायची की नाही, आणि ते कोणी ठरवायचं?

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे रजा म्हणजे पोर्टलवरची एक संख्या. इतके दिवस शिल्लक, इतके वापरले. मलाही बराच काळ वाटायचं की रजेचा इतिहास म्हणजे ही संख्या वाढत गेल्याचा इतिहास. गिरण्यांबद्दल वाचायला लागल्यावर लक्षात आलं, की खरं भांडण संख्येचं कमी आणि जागेचं जास्त होतं.

आधी सुटी

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. विजेचे दिवे येईपर्यंत गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. सरकारी कचेऱ्यांना रविवार होता, गिरण्यांना नव्हता. रविवारी यंत्रं थांबली तरी ती पुसायला, साफ करायला कामगारांना यावं लागे.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो लहान मुलांसाठी. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही आणि महिन्याला चार सुट्या द्यायच्या. मोठ्या माणसांबद्दल कायद्यात काही नव्हतं.

सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, पगार वेळेवर आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई अशा त्यातल्या मागण्या. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानं साप्ताहिक सुटी सगळ्यांना लागू केली.

म्हणजे रविवार इंग्रजांनी दिला हे अर्धंच खरं आहे. इंग्रजांच्या राज्यात तो कचेऱ्यांना आपसूक मिळाला होता. गिरणीला तो मागून घ्यावा लागला.

पण गावी जायचं तर?

रविवारचा एक दिवस मुंबईतच संपायचा. कामगार मात्र मुंबईचा नव्हता. गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येनं होती, घाटावरचीही होती. घर, शेत, म्हातारे आईबाप आणि बहुतेकांची बायकामुलं गावाला. लग्नसराई, भाजावळ, लावणी, शिमगा, गणपती, आजारपण, मरण या कशासाठीही गावी जायचं तर दोन-चार आठवडे लागणारच.

गिरणी कोणासाठी थांबत नसे. साच्यावर माणूस हवाच. म्हणून गेलेल्याच्या जागी उभा केला जाई तो 'बदली' कामगार. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी असे कितीतरी जण उभे असत. कोणाचा खाडा पडला तर यांचा दिवस भरायचा.

कोणाला आत घ्यायचं हे साहेब ठरवत नसे, जॉबर ठरवत असे. जॉबर म्हणजे खात्यातल्या कामगारांचा म्होरक्या. माणसं तोच भरायचा, तोच काढायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. गावाहून परत आलेल्या कामगाराला आपलाच साचा परत मिळवण्यासाठी जॉबरचे हात ओले करावे लागत. त्याला दस्तुरी म्हणत. रजेचा कागद नव्हता, परतीची तारीख नव्हती, हमी तर नव्हतीच. जॉबरची मर्जी होती.

गिरणी मालक तक्रार करत, की हा कामगार मनानं शेतकरीच आहे, त्याला कारखान्याची शिस्त नाही, वाटेल तेव्हा गावी पळतो. हा युक्तिवाद वाचताना मला हसू आलं. ज्याला कधीही काढता येतं आणि आजारपणात ज्याची काही सोय नाही, त्यानं गावचा चुलता आणि चार गुंठे जमीन सोडायची कशाच्या भरवशावर?

साहेबाचा लिएन

रजा ही गोष्टच तेव्हा माहीत नव्हती असं नाही. त्याच काळात, त्याच मुंबईत, सरकारी नोकरीत रजेचे पानंच्या पानं नियम होते. विलायतेला जाऊन यायला गोऱ्या अधिकाऱ्यांना लांब रजा मिळे. तिला फर्लो म्हणत. आज हा शब्द महाराष्ट्रात ऐकू येतो तो कैद्यांच्या रजेपुरता. हक्काच्या कमावलेल्या रजेला अजून कित्येक कंपन्या 'प्रिव्हिलेज लीव्ह' म्हणतात, तो शब्दही सरकारी नियमांतूनच आलेला. प्रिव्हिलेज म्हणजे विशेष सवलत.

या नियमांतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द होता लिएन. सरकारी मराठीत त्याला धारणाधिकार म्हणतात. कायम पदावर नेमलेला माणूस रजेवर गेला तरी त्या पदावरचा त्याचा हक्क राहतो. मधल्या काळात दुसरा कोणी तिथे काम करेल, पण ती जागा त्याची होत नाही. १ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या फंडामेंटल रूल्समध्ये लिएनची रीतसर व्याख्या आहे.

एकाच शहरात हे दोन कायदे. सेक्रेटरिएटमधला माणूस रजेवर गेला तर खुर्ची त्याची. परळचा माणूस गावी गेला तर साचा जॉबरचा.

कागदावर यायला लागलेली रजा

१९२९ मध्ये सरकारनं कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं. अध्यक्षांच्या नावावरून ते व्हिटली कमिशन म्हणून ओळखलं जातं. मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कमिशननं मालकांचा सूर उलटा केला. गावाशी असलेला संबंध हा कामगाराचा आधार आहे, तो तोडू नका, त्याला वळण लावा. कामगारांना ठराविक मुदतीची रजा मागायला उत्तेजन द्या आणि परत आल्यावर जुनं काम मिळेल असं आश्वासन देऊन पाठवा.

माझ्या मते आपल्याकडच्या रजेच्या इतिहासातलं हे कळीचं वाक्य आहे. त्यात पगाराचा विचार नंतर येतो. आधी येतं ते परतीचं आश्वासन.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघानं बदली नियंत्रण योजना आणली. ठराविक लोकांना बदली कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं आणि रिकामी जागा आधी त्यांना द्यायची. जॉबरच्या मर्जीला थोडा लगाम बसला. फाटकावरच्या गर्दीला आता निदान कार्ड मिळालं, नोकरी नाही.

पगारी रजा आली ती १९४५ च्या दुरुस्तीनं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. वर्षभर सलग काम केलेल्या कारखाना कामगाराला दहा दिवसांची पगारी सुटी. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं हिशेब आणखी पक्का केला: कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. आपल्या पोर्टलवरची 'अर्न्ड लीव्ह' इथून आली. महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांसाठी असलेला २०१७ चा कायदाही हाच हिशेब धरतो. वर ८ दिवस किरकोळ रजा, आणि रजा ४५ दिवसांपर्यंत साठवायची मुभा.

यात मला सगळ्यात रोचक वाटतो तो १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा. नोकरीच्या अटी लेखी असल्या पाहिजेत असं त्यानं मालकांना सांगितलं. त्याखालच्या नमुना आदेशांत कामगाराच्या रजेच्या कलमात एक ओळखीचा शब्द येतो: लिएन. मंजूर रजा संपल्यावर कामगार आठ दिवसांत परतला आणि उशिराचं समाधानकारक कारण त्यानं दिलं, तर जागेवरचा हक्क राहील. नाही तर हक्क जाईल. आणि ज्याचा हक्क गेला त्याचं काय करायचं? त्याचं नाव बदली यादीत ठेवायचं.

साहेबाचा लिएन साच्यापर्यंत पोचला. पण खाली पडलात तर कुठे पडाल, तेही त्याच कलमात लिहिलं होतं.

बायकांची रजा

जागा राखण्याचा प्रश्न सगळ्यात टोकदार झाला तो बाळंतपणात. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. ना. म. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं, ते मंजूर झालं नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात असंच विधेयक आलं तेव्हा आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या राष्ट्राचं हित आहे, ही त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला, देशातला असा पहिला. बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर घ्यायला बंदी, आणि रजेच्या काळातले पैसे मालकानं द्यायचे.

त्यानंतरच्या काही दशकांत गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. कारणं अनेक होती. नवी यंत्रं आली, बायकांना रात्रपाळीची बंदी होती. पण रजेचा खर्च एकट्या मालकावर पडला, की तो बायकाच कमी घेतो, हेही एक कारण होतं. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानं रजेवर असताना बाईला कामावरून काढणं बेकायदा ठरवलं. २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पैसे बहुतेक ठिकाणी अजून मालकच देतो, आणि मुलाखतीत 'लग्न झालंय का' हा प्रश्न अजून विचारला जातो. रजेवरच्या बाईला काढता येत नाही, पण मुळात न घेणं कोण थांबवणार?

आमचा बेंच

माझ्या ओळखीच्या एका मुलीनं आईच्या ऑपरेशनसाठी तीन महिने बिनपगारी रजा घेतली. अर्ज मंजूर, ईमेल हातात, सगळं रीतसर. परत आली तेव्हा आयडी कार्ड चालत होतं, पगार सुरू झाला, पण तिचं मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलं होतं आणि ती बेंचवर. रोज हजर राहायचं आणि कुठल्या तरी प्रोजेक्टमध्ये जागा रिकामी होण्याची वाट बघायची. नंतर अप्रेझलमध्ये त्या वर्षाचं रेटिंग खाली आलं. कारण दिलं, 'कमी योगदान'.

बेंचला पगार असतो, बदलीला नव्हता. हा फरक मोठा आहे आणि तो विसरू नये. १९८२ च्या संपात बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती, इतकी वर्षं कित्येक जण बदलीच राहिले होते. आम्ही एसीत बसून स्वतःला त्यांच्या रांगेत उभं करणं शोभणार नाही. पण प्रश्न तोच आहे: माणूस रजेवर गेला तेव्हा कंपनीनं नक्की काय राखून ठेवलं? नोकरी, की काम?

कायद्याचं उत्तर इथे अपुरं आहे. आईवडिलांच्या आजारपणासाठी लांब बिनपगारी रजा हा खाजगी नोकरीत सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही, ते कंपनीच्या धोरणावर आहे. १९४६ चा कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत गेला आहे आणि त्यातले स्थायी आदेश तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतात. सॉफ्टवेअर इंजिनिअर कायद्याच्या भाषेत 'कामगार' आहे की नाही, हा वाद तर जुनाच आहे.

त्यामुळे नव्या कंपनीत रजेच्या धोरणाची पीडीएफ मिळाली, की दिवसांचा तक्ता बघून ती बंद करू नका. पुढे वाचा. लांब रजेनंतर तेच काम मिळेल, 'समकक्ष' काम मिळेल, की 'उपलब्धतेनुसार' मिळेल? रजेचा काळ नोकरीच्या वर्षांत मोजतात का? रेटिंग त्या महिन्यांचं कसं ठरतं? उशीर झाला तर किती दिवसांनी नाव कापलं जातं? आणि हे सगळं लेखी आहे, की मॅनेजरच्या तोंडी? तोंडी असेल, तर तुमचा मॅनेजर कितीही भला असला तरी त्या क्षणी तो जॉबर आहे.

गावी निघालेल्या गिरणी कामगाराला दहा पगारी दिवस मिळायच्या कितीतरी आधी दुसरंच काही हवं होतं. परत आल्यावर साचा आपला असेल, एवढा शब्द. तो कागदावर यायला १८५६ पासून नव्वद वर्षं लागली.