नरबदेवरचा खलाशी

शेंदूरजनाघाटच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे आणि समुद्र तेथून इतका दूर आहे की, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या या गावातील एखादा तरुण आरमारात चाकरीस होता, ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या घरातही विस्मृतीत जावी, यात नवल नाही. माझ्या आजोबांच्या धाकट्या बंधूंविषयी आमच्या घरी एकच वाक्य शिल्लक होते, आणि तेही आजीच्या तोंडचे: "भाऊजी लढाईत नरबदेवर होते." आम्ही शिकलेल्या मंडळींनी त्याचा अर्थ आपल्या समजुतीप्रमाणे लावला, आणि मी तर वंशावळीच्या वहीत, भाषा शुद्ध करून, "युद्धकाळी नर्मदातीरी सरकारी नोकरी" अशी नोंदही करून ठेवली.

पुढे जुन्या पेटीच्या तळाशी, दस्तऐवजांच्या गठ्ठ्याखाली, एक सहा टोकांचा धातूचा तारा सापडला. तो 'बर्मा स्टार' होता. दुसऱ्या महायुद्धातील अशी पदके ब्रिटिश सैनिकांना बहुधा नावाविना मिळाली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र क्रमांक व नाव उमटवण्याचा प्रघात होता, आणि या ताऱ्याच्या पाठीवर नावानंतर "आर. आय. एन." ही तीन अक्षरे होती. ती रॉयल इंडियन नेव्हीची.

१९३९ साली या आरमारात अधिकारी व खलाशी मिळून दोन हजारांहूनही कमी माणसे होती. युद्ध संपताना तो आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला होता. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आणि पंजाबातून होणारी पूर्वीची भरती या वाढीला पुरेशी नव्हती, म्हणून भरतीचे जाळे ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशा मुलुखांवरही पसरले. आणि ज्या वऱ्हाडावर १९३६च्या कराराने निजामाचे स्वामित्व नावापुरते मान्य केले होते, परंतु ज्याचा कारभार मध्यप्रांताच्या सरकारकडे होता, त्या वऱ्हाडातील मोर्शी तहसिलीचा एक तरुण इंग्लंडच्या राजाच्या आरमारात दाखल झाला.

या आरमाराच्या मोठ्या लढाऊ नौकांना नद्यांची नावे होती: सतलज, जमना, गोदावरी, कृष्णा, कावेरी, आणि त्यांतच, इंग्लंडमध्ये बांधली गेलेली व १९४३ साली सेवेत आलेली, नरबदा. हे नाव वाचले आणि आजीचे वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आले. ती नदीकाठी म्हणाली नव्हती. नरबदे*वर* म्हणाली होती.

ही नौका जानेवारी १९४५मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर होती. ३ तारखेला अक्याब बेटावर सैन्य उतरले तेव्हा जपानी ते आधीच सोडून गेले होते. पण १२ तारखेला म्येबोन येथे, आणि त्यानंतर कांगॉच्या खाड्यांत, जेथे कांदळवनांमधून भरतीओहोटीचे पाणी पाहून वाट काढावी लागे, तेथे नरबदा व जमना यांच्या तोफांनी किनाऱ्यावर झुंजणाऱ्या सैन्याला आधार दिला. बर्मा स्टार नाविकांना मिळे तो बंगालच्या उपसागरातील अशाच सेवेबद्दल. तेव्हा पदक आणि वाक्य एकमेकांची साक्ष देतात.

फाळणीत आरमाराचीही वाटणी झाली. नरबदा पाकिस्तानच्या वाट्यास गेली आणि तिचे नाव झेलम झाले. भाऊजी तोवर संत्र्याच्या कलमांकडे परतले होते, आणि समुद्राविषयी बोलत नसत. नौकेचे जुने नाव आमच्यापुरते राहिले ते लिहिता न येणाऱ्या एका स्त्रीच्या जिभेवर, आणि तेही जसेच्या तसे. ते पुसले मी, नरबदेची नर्मदा करून. वहीतील ती ओळ आता खोडली आहे, आणि तिच्याखाली आजीचे वाक्य, तिच्याच उच्चारांत, लिहून ठेवले आहे.